भरलेला पाळणा

“चाचा, तुम्ही बसणार की नाही?”

रहिमानचाचांनी बडीशेपेची चिमूट तोंडात टाकली. मोटरी दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला तो म्हातारा जत्रेतल्या उंच पाळण्याखाली उकिडवा बसून बडीशेप चघळत होता.

दिगंबर त्यांचा शागीर्द. पाळण्याच्या जुन्या मोटरला त्याने नवी ड्राइव्हची पेटी जोडली होती. मोटरचा वेग आता हवा तसा वाढे, हवा तसा उतरे. पण पाळण्याच्या मालकीणबाई पारूबाई, आणि त्यांचा नेम एकच. पहिल्या फेरीला कारागिराने आपल्या उस्तादाला बसवायचं, मगच लोक चढवायचे. उस्ताद बसला नाही, तर यंदाच्या जत्रेत पाळणा नुसता उभा.

“मघाशी बघितलात ना? बटण दाबलं की जागच्या जागी थांबतो!”

“रिकामा होता. भरून दाखव.”

वाळूची पोती चढवली. पाळणा डौलात फिरू लागला. दिगंबरने ऐटीत थांबायचं बटण दाबलं…

पेटीवर लाल दिवा लागला आणि पेटी बंद पडली. पाळणा मात्र फिरतच राहिला. शेवटी हाताचा ब्रेक ओढावा लागला.

“पेटीच नाजूक निघाली,” दिगंबर पुटपुटला.

चाचा उठले.

“पळ.”

“कुठं?”

“त्या चुरमुऱ्यांच्या दुकानाकडे. जीव खाऊन पळ.”

“आत्ता?”

“नाही, पुढच्या जत्रेला!”

दिगंबर सुसाट सुटला. दुकान जवळ आलं, तसे चाचा ओरडले, “थांब!”

त्याने पाय रोवले. टाचा धुळीत घसरल्या, हात हवेत फिरले आणि तो थेट चुरमुऱ्यांच्या ढिगात जाऊन पडला. दुकानदारीण आधी किंचाळली, मग पोट धरून हसली.

“थांब म्हटलं होतं,” चाचा म्हणाले.

“थांबलोच की!”

“मग तिथं कसा पोचलास?”

“पायांनी ऐकलं हो, अंगाने ऐकलं नाही…”

चुरमुरे झटकता झटकता दिगंबर थबकला. वर लोंबणाऱ्या पोत्यांकडे बघत राहिला.

भरला पाळणा एकदम अडवला, तर तोच मोटरला फिरवणार… वीज उलटी येणार… आणि सगळी त्या पेटीच्या अंगावर.

चाचा पुन्हा बडीशेप चघळू लागले होते.

दिगंबरने पेटी उघडली. थांबायला दिलेला वेळ वाढवला, आणखी वाढवला. पुन्हा पोती फिरवली, बटण दाबलं. निजलेलं मूल मांडीवरून अलगद खाली ठेवावं, तसा पाळणा थांबला. दिवा हिरवाच होता.

पारूबाईंनी नारळ फोडला. चाचांनी त्यांनाच हाताला धरून पाळण्यात चढवलं आणि स्वतः शेजारी बसले. इतकी वर्षं लोकांना फिरवलं, पण बाई स्वतः कधी बसल्या नव्हत्या.

“अगं बाई! अगं बाई!” करत त्या वर गेल्या. सारं मैदान हसत होतं.

दिगंबर बटणावर बोट ठेवून खालून ओरडला, “चाचा, बरोबर झालं ना आता? थांबवू?”

वरून चाचांचा आवाज आला, “थांबायचंय कुणाला?”