करंजखोलची कळलावी

फार वर्षांपूर्वी, घाटातून मिठाचे बैल चढत-उतरत होते त्या काळी, सगुणा नावाची एक तरुण मुलगी देशावरून आपल्या गावी निघाली होती. भाद्रपद सरत आला होता. घाटाच्या शेवटच्या वळणावरून करंजखोल दिसतं, तिथं ती थांबली. तिला वाटलं होतं, या दिवसांत कुंपणाकुंपणावर कळलावी फुललेली असणार. बुडाशी पिवळी, टोकाला लाल, ज्वाळेसारखी उभी फुलं. आणि खाली बघते तो खरंच सगळं गावकूस लाल झालेलं. ती हसली आणि उरलेला उतार धावतच उतरली.

वेशीशी आली तेव्हा तिच्या तोंडावर धग आली. ती फुलं नव्हती. ती आग होती.

सगळं गाव तिथं जमलं होतं. पुरुष कुदळीनं कळलावीचे कंद खणत होते, बायका वेली ओरबाडून आणत होत्या. ओल्या वेली धड जळत नव्हत्या, म्हणून वर पेंढा टाकत होते. सगुणाला लहानपणी कडेवर घेऊन फिरलेली माणसं ती. पण कुणी तिला "कधी निघालीस गो?" असंसुद्धा विचारलं नाही. फक्त एका बाईनं पदर तोंडाशी धरून म्हटलं, "आली बघा, कळलावी."

आपल्याकडे भांडण लावून देणाऱ्या बाईलाही कळलावी म्हणतात. सगुणाला वाटलं, थट्टा चालली आहे.

सगुणाची आई तिलाच जन्म देताना अडून मेली होती. पुढे आत्यानं तिला देशावर नेलं आणि तिथल्या एका म्हाताऱ्या वैद्याच्या अंगणात ती मोठी झाली. पानात काय असतं, सालीत काय असतं, कंदात काय दडून बसतं, हे ती तिथं शिकली. वैद्यबुवा म्हणायचे, "विष आणि औषध एका चुलीवरच्या दोन जावा आहेत, पोरी. एकीला हाक मारलीस तर दुसरीही ओ देते." करंजखोलात पुन्हा एकही बाई अडून मरू द्यायची नाही, असं सगुणानं तेव्हाच ठरवलं होतं. आता ती परत आली होती, आणि तिच्या बोचक्यात एक इवलीशी कुंची होती. वहिनीच्या बाळासाठी तिनं स्वतः शिवलेली.

तिनं गर्दीत भावाला शोधलं. धाकू आगीजवळ कुदळ टेकून उभा होता.

"दादा, वहिनी कुठंय? बाळ झालं ना?"

धाकूनं तिच्याकडे बघितलं, मग आगीकडे. शेवटी केसर सुईण पुढे आली. गावातली निम्मी पोरं तिच्या हातची होती.

"तुझा निरोप पोचला गो, बाय," केसर म्हणाली. "आम्ही तसाच पाळला. बायजा अडली, मी कंद उगाळून दिला. घोट घेतला न् घेतला तोच ओकाऱ्या सुरू झाल्या. मग तिचे हातपाय गार पडले. बाळ पोटातच राहिलं."

सगुणाच्या हातातलं बोचकं खाली पडलं.

"दिला? प्यायला दिला?"

"तूच सांगितलंस की. बाई अडली तर कळलावीचा कंद उगाळून द्यावा. मला नव्हतं पटत. पण म्हटलं, देशावर शिकलेली पोर आपल्याच वहिनीला वाईट कशाला सांगेल?"

असं म्हणतात की त्या क्षणी आगीचासुद्धा आवाज थांबला. सगुणा ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली, "बेंबीखाली आणि तळपायाला लेप द्यावा, आणि मूल बाहेर आल्याबरोबर पुसून काढावा. असा निरोप होता. पोटात एक थेंब जाता कामा नये, असा निरोप होता."

सगळ्यांच्या माना गोंदूकडे वळल्या. गोंदू मिठाचे बैल हाकायचा आणि वैशाखातल्या शेवटच्या खेपेला तोच निरोप घेऊन आला होता. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. बाजारातून कुणी सुई आणायला सांगितली तरी विसरायचा नाही.

"गोंदूकाका, तुम्ही काय सांगितलंत?"

गोंदूनं मुंडासं काढून हातात धरलं. "मी धाकूच्या ओटीवर बसून सांगितलं. तिथं वडीलधारी होती. बाया दाराआड उभ्या होत्या. पुरुषमाणसानं दुसऱ्याच्या बायकोच्या... त्या जागेचं नाव चारचौघांत कसं घ्यायचं, पोरी? मी म्हटलं, बायका समजून घेतील. तेवढं वगळलं. बाकी सगळं बरोबर सांगितलं."

तेवढं वगळलं!

ऐकणाऱ्यांनो, घाट चढताना वळवाच्या पावसात गोणीतलं मीठ विरघळतं, ते दिसतं तरी. हा निरोप एका सज्जन माणसाच्या तोंडात विरघळला, आणि ते कुणाला दिसलं नाही. वैर नव्हतं, लबाडी नव्हती. नुसती लाज होती. आणि त्या लाजेनं दोन जीव घेतले.

धाकूनं कुदळ उचलली. आता हा गोंदूला मारणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्यानं ती आगीत फेकली.

तेवढ्यात गावातून एक बाई धावत आली. "गोंदूभावजी, घरी चला! रंगू अडली! दुपारपासून कळा लपवत होती, आता त्या थांबल्यात. पोरीच्या डोळ्यांपुढे अंधारी येतेय."

रंगू म्हणजे गोंदूची एकुलती एक लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली. केसरनं कपाळाला हात लावला. गोंदू सगुणाच्या पायाशी आला. "तुझ्याकडे काय असेल ते दे."

"माझ्याकडे काही नाही, काका. माझं औषध तुम्ही सगळ्यांनी मिळून जाळलंय."

असं म्हणतात की मग तिनं बाही वर सारली आणि थेट आगीत हात घातला. बायका किंचाळल्या. हात बाहेर आला तेव्हा मुठीत एक कंद होता, नांगराच्या फाळासारखा वाकडा, ओला, गार. त्याला एक हिरवा कोंब होता. गाव बघत असताना त्या कोंबाला कळी आली आणि ती उमलली. सगुणाच्या हाताला फोड नव्हता, काजळीसुद्धा नव्हती. कुणी म्हणतं, कंद राखेखालच्या चिखलात राहिला असेल. कुणी म्हणतं, तिची आई आगीतून तो वर देत होती. मी तिथं नव्हते. गाव सांगतं तसं सांगते.

गोंदू कंद घ्यायला पुढे झाला. सगुणानं मूठ मिटली.

"आधी सांगा. हा कुठं लावायचा?"

"तू चल ना गो! तुला ठाऊक आहे!"

"मला ठाऊक असून बायजावहिनी मेली, काका. तुम्हाला ठाऊक पाहिजे. या सगळ्यांना ठाऊक पाहिजे. मोठ्यानं सांगा."

गोंदूचा चेहरा लाजेनं लाल झाला. समोर बाळंतपणासाठी आलेले त्याचे व्याही उभे होते, जावई उभा होता, गावचा खोत उभा होता. लांबून रंगूची किंकाळी आली. मग तो बैल हाकताना ओरडायचा तसा ओरडला, "बेंबीखाली! तळपायाला! पोटात नाही!"

घाटानं ते शब्द परत दिले. बेंबीखाली. तळपायाला. पोटात नाही.

रंगूच्या घरात केसरनं कंद उगाळला, सगुणानं लेप दिला. दिवेलागणीला मूल रडलं. रडणं ऐकू येताच सगुणानं गरम पाण्यानं लेप पुसून काढला आणि पुसलेला कपडा खोल पुरायला लावला. म्हणतात की इकडे मूल रडलं आणि तिकडे वेशीवरची आग आपोआप विझली.

सगुणा म्हातारी होऊन गेली. गाव तिला सगुणाई म्हणतं, आणि लाडानं कळलावी. ती असेपर्यंत करंजखोलात एकही बाई अडून मेली नाही, असं म्हणतात. आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. कंद कुणी उगाळत नाही आणि कुणी उगाळूही नये. त्यातलं द्रव्य आज वेगळं काढता येतं, त्याला कोल्चिसिन म्हणतात, ते गाऊट नावाच्या संधिवाताच्या औषधात तोलूनमापून घालतात, आणि माप चुकलं तर तेच माणूस मारतं. दोन्ही जावा अजून एकाच चुलीवर आहेत.

पण करंजखोलात अजून डोहाळजेवण असलं की ओटी भरण्याआधी होणाऱ्या बाळाच्या बापाला अंगणात उभं करतात. सासरे, मेहुणे, शेजारी, सगळे समोर. बायका त्याला चिडवतात, "मोठ्यानं हो, भावोजी! सगुणाईला ऐकू गेलं नाही!" आणि तो लाल होत ओरडतो, बेंबीखाली, तळपायाला, पोटात नाही. तो एक शब्द जरी चुकला तरी ओटी भरत नाहीत. शहरात नोकरी करणारे मुलगे यासाठी रजा काढून येतात. याच गावात आजारी माणूस डॉक्टरला काय होतंय ते सांगताना लाजत नाही, आणि औषधाची चिठ्ठी दोनदा मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय कुणी घरी जात नाही.

हे सुरू झालं ते रंगू बाळंत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

केसर उजाडताच सगुणाकडे आली होती. "आता ही विद्या माझ्या कानात सांग, बाय. औषध बोलून दाखवलं की त्याचा गुण जातो. आपण दोघी जपून ठेवू."

सगुणा उठली, तिनं केसरचा हात धरला आणि तिला पाणवठ्यावर घेऊन गेली. तिथं सगळ्या बायका कळशा घेऊन आल्या होत्या, पुरुष बैल धूत होते. धाकूही होता. रात्रभर तो झोपला नव्हता. बहिणीच्या बोचक्यातली कुंची त्यानंच रंगूच्या बाळाला नेऊन दिली होती.

"मी परत जात नाही," सगुणा सगळ्यांना म्हणाली. "आणि आजपासून कुणाच्याही कानात काही सांगणार नाही. जे सांगायचं ते इथं सांगेन, पुरं सांगेन, आणि तुम्ही ते मला पुरं म्हणून दाखवायचं."

पुरुष बैलांच्या पाठी चोळत राहिले.

मग धाकू पाण्यातून बाहेर आला आणि गावासमोर उभा राहून, आवाज कापू न देता, सगळे शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणाला.