कासारणीने आवळलेला नट

एकदा एक कासार आपली जुनी मोटारसायकल ढकलत घाटाच्या पायथ्याच्या गावी आला. मागून त्याची बायको चालत होती, डोक्यावर बांगड्यांचे गाठोडे घेऊन. गाडी असून नवरा-बायको दोघेही पायी, हे पाहून रस्त्याकडेच्या चहावाल्याला हसू आले. बाईचा चेहरा पाहिल्यावर मात्र त्याने ते गिळले.

कासाराचे नाव रंगनाथ, बायकोचे द्वारका. घाटावरच्या सात गावांचे आठवडी बाजार ही त्यांची रोजीरोटी, आणि खरे सांगायचे तर ती सगळी द्वारकाबाईच्या हातात होती. बांगडी भरताना मनगट किती दाबावे, अंगठ्याचे हाड कसे मिटवावे, हे तिला असे साधले होते की बाया म्हणायच्या, “द्वारकाबाईनं भरल्या की कळतसुद्धा नाही.” रंगनाथ भरायला बसला की त्याच बाया हात मागे घेत.

आठ दिवसांपूर्वी घाटाच्या दुसऱ्या वळणावर त्यांच्या गाडीचे पुढचे स्प्रॉकेट निसटले. इंजिनातून बाहेर आलेल्या दांड्यावर बसते ते छोटे दातेरी चाक. त्याच्यावरूनच चेन मागच्या चाकाकडे जाते. ते निसटले, चेन अडकली, मागचे चाक जागीच थांबले आणि गाडी दोघांना घेऊन घसरत गेली ती थेट कठड्यापर्यंत. कठडा होता म्हणून जीव वाचले. पण द्वारकाबाईच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या वाढल्या. आपल्याकडे बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. कारण काय ते आपण जाणताच. जन्मभर दुसऱ्यांच्या हातात सौभाग्य भरणाऱ्या त्या बाईने स्वतःचे भुंडे हात पाहिले आणि तिच्या काळजाचे पाणी झाले. त्या दिवसापासून तिचे एकच म्हणणे होते, “पायी कुठंही येईन, पण गाडीवर बसायची नाही.” आता सात गावे पायी कोण करणार? ती बसली नाही तर धंदा उठला, हे रंगनाथाला लख्ख दिसत होते.

घाटपायथ्याच्या या गावात एका वृद्ध कारागिराचे गॅरेज होते. साऱ्या पंचक्रोशीत त्यांना वस्ताद म्हणत. मितभाषी गृहस्थ. त्यांच्या हाताखाली सहा वर्षे शिकलेला निवृत्ती हा त्यांचा शिष्य. हाताने गुणी, स्वभावाने कनवाळू. गाडी दारात आलेली पाहून त्याच निवृत्तीने नजर चुकवली.

कारण निसटलेले स्प्रॉकेट त्यानेच बसवले होते.

अडीच महिन्यांपूर्वीची गोष्ट. वस्ताद परगावी गेले होते. या जुन्या गाड्यांत स्प्रॉकेट दांड्यावर सरकवायचे, त्यावर पातळ पत्र्याचा, चकतीसारखा लॉक वायसर ठेवायचा आणि वर नट आवळायचा. नट कितीही आवळला तरी इंजिनाच्या धडधडीने तो सैल पडतोच. म्हणून वायसरचा कडेचा कान ठोकून नटाच्या सपाट बाजूवर दुमडतात. मग नटाला फिरता येत नाही. पण एकदा दुमडलेला कान सरळ करून पुन्हा दुमडायचा नसतो. पत्रा थकलेला असतो, तुटतो. वस्तादांनी हे पहिल्याच महिन्यात शिकवले होते. त्या दिवशी दुकानात नवा वायसर नव्हता. रंगनाथ घाईत होता, निवृत्ती त्याहून घाईत. त्याने जुनाच कान सरळ केला, पुन्हा दुमडला, आणि स्वतःशी म्हणाला, “एवढ्यानं काय होतंय!” या तीन शब्दांनी जगातली निम्मी कामे बिघडवली आहेत, उरलेली निम्मी अजून बिघडायची आहेत.

आज मात्र त्याने जीव ओतून काम केले. नवे स्प्रॉकेट, नवा वायसर, नट आवळून कान चांगला दुमडला. रंगनाथाने ते वाकून पाहिले. त्याचे समाधान होईना.

“निवृत्ती, बाबा, एवढ्याशा पत्र्यावर माझा भरवसा नाही. वेल्डिंग मारून टाक. या जन्मात निघायला नको. हिला तसं सांगितलं तरच ही बसेल. तुझ्या पाया पडतो.”

निवृत्तीला जणू देवच पावला. दांड्याच्या मागे तेल अडवणारे सील असते, वेल्डिंगच्या आचेने ते जळेल, तेल गळून गेल्यावर इंजिन कोरडे पडेल, हे त्याला पाठ होते. पण त्या क्षणी त्याला एवढेच दिसले की एकदा वेल्डिंग झाले की विषय कायमचा मिटला. आधीचे का निसटले, हे कोणी विचारायचे नाही. “मारतो की काका! गॅरंटीच देतो,” असे म्हणून त्याने वेल्डिंगचा दांडा उचललाही.

कोपऱ्यात बसलेले वस्ताद उठले. त्यांनी तो दांडा त्याच्या हातातून काढून घेतला. मग छिन्नी घेऊन नुकताच दुमडलेला कान उघडला, नट सोडवला, स्प्रॉकेट ओढून काढले. निवृत्तीचे सारे निर्दोष काम मोडून त्यांनी एका गोणपाटावर मांडले आणि द्वारकाबाईला म्हणाले, “ताई, तुम्ही बसवा.”



“वस्ताद, थट्टा करता का गरिबाची?” रंगनाथ म्हणाला. “तिनं उभ्या जन्मात पाना धरला नाही.”

“मनगट धरलंय ना? पाना त्याहून सोपा. तो रडत नाही.”

द्वारकाबाईने पदर खोचला. स्प्रॉकेट दांड्याच्या खाचांवर सरकवले, बोटाने हलवून पाहिले आणि दचकली. “हे तर हलतंय!”

“केसभर हलणारच. तुम्ही बांगडी मनगटाला चिकटवून भरता का?”

“नाही बाई. चिकटली की लागते, मग फुटते.”

“तसंच समजा. सरकली तर चालतं, निघता कामा नये.”

वस्तादांनी चेन चढवली आणि आणखी एक कोरा वायसर काढून दिला. रंगनाथाला गाडीवर बसवून मागचा ब्रेक दाबून धरायला सांगितले, नाहीतर नटाबरोबर चाकही फिरले असते. नवऱ्याने ब्रेक धरला, बायकोने नट आवळला. मग तिने हातोडीने कान हलकेच ठोकत नटावर दुमडला. इतक्या बेताने, की वस्तादांनीही मान डोलावली. तिने त्या दुमडीवरून बोट फिरवले. तिच्या कपाळावरची आठी जराशी सैल झाली.

तेवढ्यात तिचे लक्ष शेजारच्या ताटलीकडे गेले. त्यात गाडीतून निघालेला जुना, कान तुटलेला वायसर पडला होता. तिने तो उचलला.

“मग ह्याचा कान कशानं तुटला? हाही असाच दुमडला असेल ना?”

ती निवृत्तीकडे पाहत होती. वस्ताद मात्र त्याच्याकडे पाहत नव्हते. ते हात पुसत बसले होते. ‘कंपनीचा मालच कच्चा होता’, एवढे म्हटले असते तरी भागले असते. शब्द जिभेवर आलेही. पण समोर ती बाई आपल्या रिकाम्या मनगटांनिशी उत्तराची वाट पाहत होती, आणि निवृत्तीला ते बोलवेना.

“मावशी, तो जुना होता. एकदा वापरलेला. नवा नव्हता म्हणून मी तोच परत दुमडला. चालत नाही हे मला ठाऊक होतं. तुम्ही पडलात ते माझ्यामुळं.”

रंगनाथ गाडीवरून उतरला तो मूठ आवळूनच. “अरे नालायका, मारलं असतंस की आम्हाला! आणि वर गॅरंटी देत होतास?”

“थांबा हो,” द्वारकाबाई म्हणाली. ती खाली बसली आणि तो तुटका पत्रा पाहत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होते. “आठ दिवस मी शोधतेय, माझं काय चुकलं. कुणा लेकीबाळीचं मनगट दुखावलं, कुणाचा तळतळाट लागला, म्हणून देवानं माझे हात भुंडे केले. आणि हा एवढासा पत्रा होता होय!”

निवृत्तीने तिचे पाय धरले. तिने पाय मागे घेतले.

“माफ केलं असं मी म्हणत नाही. ते माझ्या मनानं होईल तेव्हा होईल. पण आता मी गाडीवर बसते.” आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, “चला, गाठोडं बांधा. आणि तो एक पाना विकत घ्या. दर महिन्याला मी उघडून बघणार आहे.”

गाडी घाटाच्या दिशेने निघून गेली.  निवृत्तीने विचारले, “वस्ताद, तुम्हाला ठाऊक होतं?”

“पत्र्यावर दोन घड्या होत्या. म्हातारा झालो तरी आंधळा झालो नाही.”

“मग तुम्ही का नाही बोललात?”

“मी बोललो असतो तर ती चहाडी झाली असती. तुझ्या तोंडून आलं म्हणून ते सत्य झालं. हे बघ, त्या बाईला पडण्याचं भय नव्हतं. का पडलो हे कळत नव्हतं, त्याचं भय होतं. ते वेल्डिंगनं कसं जाणार? आणि तुला वेल्डिंग हवं होतं ते तिच्यासाठी नव्हे. ज्याला आपलं काम पुन्हा कुणी उघडू नये असं वाटतं, त्यानं आत काहीतरी पुरलेलं असतं. कारागिरानं असं बांधावं की परक्यानंही उघडून पाहावं, आणि आपल्याला घाम फुटू नये.”

निवृत्ती मान खाली घालून ऐकत होता. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “वस्ताद, अशा आणखी दोन गाड्या आहेत. एक पोस्टमनची, एक वरच्या शाळेतल्या गुरुजींची.”

वस्तादांनी त्याच्याकडे प्रथमच रोखून पाहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. “मग बसलास का?”

निवृत्ती उठला. दोन नवे वायसर, पाना, छिन्नी आणि हातोडी पिशवीत घातली आणि टळटळीत दुपारी घाट चढू लागला.

आपल्याही हातची अशी एखादी गाडी कुठल्या तरी वळणावर धावत असेल. ती कोणती, हे आपल्याला ठाऊक असते.