चौसष्ट कोअर आणि साखरेच्या पुड्या

“...मग या खरेदीत आता अडतंय कुठं, चाचा?” मकरंद हसबनीसने विचारलं.

शम्सुद्दीन चाचा दर्ग्याच्या ओट्यावर बसून उरुसासाठी साखरेच्या पुड्या बांधत होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस. मकरंदला तारा जोडायला त्यांनीच शिकवलं होतं.

मकरंदच्या हातात नव्या सर्व्हरच्या खरेदीचा कागद होता. चाळीस गावांतून रुग्णवाहिकेसाठी येणारा प्रत्येक फोन याच सर्व्हरमधून जाणार होता. रोग्याचं बोलणं वाटेत कुणी ऐकू नये म्हणून ते कूटबद्ध करायचं कामही त्याचंच. बारा वाजता रुग्णवाहिका चालवणाऱ्या ट्रस्टच्या अध्यक्षांची त्यावर सही व्हायची होती.

“चौसष्ट कोअरचं यंत्र आहे, म्हणजे एकाच वेळी चौसष्ट कामं करणारं. जिल्ह्यात असलं दुसरं नाही.”

“तपासलंस?”

“तीनदा. वीस जीबीची फाइल कूटबद्ध करून पाठवली. सतरा सेकंदांत पार!”

“एकच फाइल?”

“मोठी फाइलच घेतात, चाचा. तुमच्या काळी मोजायला घड्याळ तरी होतं का?”

“होतं की. तू रोज किती उशिरा यायचास, ते त्यातच बघायचो.”

मकरंद हसला. चाचांनी शेजारचं पोतं त्याच्याकडे सरकवलं.

“याचं तोंड बांध.”

त्याने सुतळीचे दोन वेढे देऊन गाठ मारली.

“दहा सेकंद,” चाचा म्हणाले. “दहा किलो साखर. सेकंदाला किलो. झकास!”

मग त्यांनी ती गाठ सोडली. कागदाचे चौकोनी तुकडे आणि दोऱ्याचं रीळ पुढे ठेवलं.

“आता हीच साखर. चमचा-चमचा. प्रत्येक पुडीला वेगळी गाठ. वेग मात्र तोच.”

“एवढंच ना?” मकरंद मांडी घालून बसला.

पहिली पुडी सुबक झाली. दुसरीही. सातव्या पुडीचा दोरा तुटला. नवव्या पुडीला त्याने पोत्यात डोकावून पाहिलं. साखर होती तेवढीच होती.

त्याचा हात थांबला.

“बोलणं...”

चाचा पुढची पुडी बांधत राहिले.

“बोलणं मोठ्या फाइलसारखं जात नाही. बारीक तुकड्यांनी जातं. एका फोनचे सेकंदाला पन्नास तुकडे, आणि प्रत्येक तुकडा वेगळा कूटबद्ध करायचा... मी ते मोजलंच नाही.”

“हं.”

“पण अध्यक्षांना मीच छातीठोकपणे सांगितलंय. आता नाही म्हटलं तर माझी काय पत राहील?”

“आणि हो म्हटलंस तर?”

...

मकरंदने तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. “साहेब, आज सही नको. यंत्र चांगलं असेलही, पण मी चाचणी चुकीची केली.”

पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. तो ऐकून घेत राहिला. फोन ठेवला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

“चाचा, यंत्र खरंच पुरेसं आहे, हे ओळखायचं कशावरून?”

चाचांनी हातातल्या पुडीची गाठ पूर्ण केली.

“चाळीसही गावांना एकदम बोलायला लाव. आणि शेवटच्या गावातल्या माणसाला सांग... काही बोलू नकोस, नुसता श्वास घे. तो इकडे न तुटता ऐकू आला, की यंत्र पुरेसं.”