मास्तरांचा शेवटचा शब्द

एकदा एका गावात हनोख नावाचे एक मास्तर वारले. जन्माने ख्रिस्ती, पण चाळीस वर्षांत चर्चची पायरी चढले नव्हते. 'देवाचं मला ठाऊक नाही, पण पाळकांना माणसाचं बोलणं ऐकू येत नाही,' असं ते चारचौघांत म्हणत. मी स्वतः पाळकाच्या घरात वाढलो, तेव्हा मास्तरांना खोटं पाडायची माझी छाती नाही.

अशा माणसाला चर्चच्या मंडळीच्या कबरस्तानात जागा मिळत नसे. अंतकाळी त्याने विश्वास कबूल केल्याची कुणी साक्ष दिली, तरच मिळे. मास्तरांची एकुलती एक मुलगी तिथे पुरलेली होती. तिच्याशेजारी त्यांना जागा मिळावी, एवढंच त्यांच्या पत्नीचं, तबीथाबाईंचं, मागणं होतं.

मरणसमयी मास्तरांजवळ दोघेच होते: गावचे वृद्ध पाळक आणि त्यांच्या हाताखाली शिकणारा शिष्य. तबीथाबाई डॉक्टरांना आणायला धावल्या होत्या. मंडळीच्या पंचांनी साक्ष विचारताच शिष्य पुढे झाला.

"त्यांचा शेवटचा शब्द मी ऐकला. त्यांनी पाणी मागितलं. शास्त्रात प्रभू ज्याला जिवंत पाणी म्हणतो, ते. आत्म्याचं तारण हवं असलेला माणूसच ते मागतो."

पंचांनी माना डोलावल्या. तबीथाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. जागा मिळाल्यातच जमा होती. तेवढ्यात वृद्ध पाळक उठले.

"ही साक्ष खोटी आहे. मास्तरांना तहान लागली होती."

शिष्य कळवळला. "पाळकसाहेब, एवढ्याशा शब्दाने कुणाचं काय बिघडणार होतं?"

"अरे, मी डोळे मिटून प्रार्थना करत होतो. त्यांनी दोनदा पाणी मागितलं. मला ऐकू आलं, तुलाही आलं. तांब्या हाताशी होता. पण मला प्रार्थना अर्धी सोडवेना. म्हटलं, आत्म्याचं आधी, घशाचं मग बघू. आमेन म्हणून डोळे उघडले, तर ते गेलेले. जन्मभर ते आपल्याला जे म्हणत होते, ते आपण त्यांच्या उशाशी बसून खरं करून दाखवलं. आणि आता त्यांच्या तहानेलाही आपलंच शास्त्रवचन चिकटवायचं?" मग ते पंचांकडे वळले. "कुणाला बाहेर ठेवायचंच असेल, तर मला ठेवा."

पंचांनी पाळकांना काही केलं नाही. नियम मात्र पाळला. मास्तरांना ओढ्यापलीकडच्या माळावर पुरलं.

माती लोटून झाल्यावर तबीथाबाई पाळकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "खरं बोललात. यांना आवडलं असतं." मग कबरस्तानाच्या दिशेने बघत त्या म्हणाल्या, "पण माझी पोर तिथे एकटीच राहिली."

या खेपेस पाळकांनी डोळे मिटले नाहीत; त्यांचं बोलणं ऐकून घेतलं. शिष्याला त्या दिवशी उमगलं, की ऐकण्याची वेळ टळून गेल्यावर खरं बोलून कुणालाच काही परत मिळत नाही. तरीही ते बोलावंच लागतं.