मेंदीच्या कुंपणावरचं लुगडं

त्या दिवशी थंडी अशी पडली होती की नदीच्या पाण्यावरून वाफ निघत होती, आणि कावळेसुद्धा अंग फुगवून देवळाच्या कळसाशी गप्प बसले होते. ऊन होतं, पण चांदण्यासारखं. दिसायचं नुसतं, लागायचं नाही.

फार मागची ही गोष्ट, बाळांनो. इतकी मागची की त्या वेळी राजा कोण होता ते आता कुणाला आठवत नाही. पण नदीकाठच्या त्या गावातल्या गोधड्या अजून लोकांना आठवतात.

त्या गावात देवळाच्या ओवरीत बाया जमायच्या. घरचं आटोपलं की एकेक जण सुईदोरा घेऊन यायची. कुणी बोलवायचं नाही, कुणी सांगायचं नाही. मधोमध जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, चार कोपऱ्यांना चौघी बसायच्या आणि कडेपासून आत टाके घालत यायच्या. मऊ कापड आत, बळकट कापड वर. बोलणं चालू, हसणं चालू, आणि हातही चालू.

त्या गोधड्या त्यांच्या घरी जात नसत. ज्याच्या अंगावर पांघरूण नाही त्याच्याकडे जात. नावाड्याकडे, धनगराच्या पालावर, ओल्या बाळंतिणीकडे, देवळाच्या पायरीवर निजणाऱ्या वाटसरूकडे. गोधडी विरली की लोक ती परत आणून द्यायचे. मग ती जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जायची.

त्या बायांच्या काही रीती होत्या. गोधडीचा शेवटचा कोपरा शिवताना आत भाकरीचा तुकडा घालायचा, कारण रिकाम्या पोटाची गोधडी कुणाला द्यायची नाही. कुणी काय कापड दिलं ते विचारायचं नाही. आणि सगळ्यांत मोठी रीत ही, की कापड मागायचं नाही. देवळामागे मेंदीचं कुंपण होतं. ज्याला द्यायचं असेल त्यानं कापड त्या मेंदीवर टाकून जावं. सूर्य मावळला की बाया ते उचलून आणायच्या. देणाऱ्याचं तोंड कुणाला दिसू नये, म्हणून ही रीत.

गावातल्या सगळ्या बायांना हे ठाऊक, लेकरांना ठाऊक. बहुतेक पुरुषांनी मात्र कधी लक्ष दिलं नव्हतं.

त्या गावात एक तांबट राहायचा. हंडे ठोकायचा, भांड्यांना कल्हई करायचा. त्याची बायको असेतोवर तीही ओवरीत जायची. ती डावरी होती. तिचा टाका सगळ्यांच्या उलट अंगाला झुकायचा, आणि तिचं कोपर शेजारणीच्या कोपराला लागायचं. बाया म्हणायच्या, हिला कोपऱ्यात बसवा गं, नाहीतर आमचे हात मोडतील. ती हसायची आणि उलटे टाके घालत राहायची.

ती बाई वारली. तांबटानं तिची पेटी उघडली. तिचं हिरवं, लाल काठाचं लुगडं होतं. पण त्याचं स्वतःचं लग्नातलं उपरणं, हळदीचा डाग पडलेलं, ते नव्हतं. दोघांचं एवढंच एकत्र ठेवलेलं होतं, आणि त्यातलंही एक गेलं. सुतकाचे कपडे शेजारच्या परटानं नेले होते. तांबटानं चार माणसांत त्याला विचारलं, उपरणं कुठं ठेवलंस?

परीट म्हणाला, मी नेलंच नाही.

तांबटानं ते मानलं नाही. त्या दिवसापासून शेजाऱ्याशी बोलणं बंद, कपडे देणं बंद. तो आपले कपडे आपणच धुवायला लागला. धुतल्यावर ते आधीपेक्षा मळके दिसायचे, पण त्याचा हट्ट मोठा.

आता त्या पेटीत हिरवं लुगडं तेवढं राहिलं. त्या घरात ती होती याची दुसरी खूण नव्हती. वर्षातून एकदा, थंडीत कोरडं ऊन पडलं की, तांबट ते बाहेर काढायचा, उन्हात टाकायचा, पुन्हा घडी घालून ठेवायचा. एरवी अंगणातच, पण त्या वर्षी अंगणात भट्टीची काजळी फार उडत होती. म्हणून त्या थंडीच्या दिवशी त्यानं लुगडं नेलं आणि चांगली उन्हाची जागा पाहून पसरलं. कुठं, तर मेंदीच्या कुंपणावर. मग कामाला बसला तो दिवस मावळल्यावर उठला.

बघतो तर मेंदी मोकळी.

तो तसाच परटाच्या दाराशी गेला. कित्येक वर्षांनी तो शेजाऱ्याशी बोलला, आणि बोलला ते हे, की आधी उपरणं नेलंस, आता मेंदीवरचं लुगडंही सोडलं नाहीस.

परीट चुलीपुढे जेवत बसला होता. त्यानं हातातला घास खाली ठेवला. "मेंदीवर टाकलं होतंत? मग ओवरीत जाऊन विचारा, दादा."

तांबटाला वाटलं, हा आपला दोष बायकांवर ढकलतोय. तो घरी येऊन दार लावून बसला. काही दिवस भट्टीही पेटवली नाही. रिकामी पेटी उघडायची, बंद करायची, एवढंच काम. शेवटी राहवेना, तेव्हा उठला आणि ओवरीत गेला.

बायांनी त्याला पाहिलं आणि सुया थांबल्या. लुगड्याचं विचारलं तेव्हा त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं होतं, भाऊजींनी अखेर मन मोठं केलं. हिरवं लुगडं हातात घेताना दोघी तिघींचे डोळे भरले होते. त्या लुगड्याची गोधडी झाली होती आणि डोंगरावर गेलीही होती. तिथं कोळसा पाडणाऱ्या माणसांच्या खोपटांना आग लागली होती, अंगावरच्या कपड्यांनिशी माणसं उघड्यावर आली होती.

त्यांच्यात एक तिखट जिभेची सून होती. ती म्हणाली, "मेंदीवर लुगडं टाकायचं, आणि वर आम्हालाच विचारायचं. भाऊजी, पुढच्या वेळी पाटी लावून ठेवा."

कुणीतरी हसलं. पण ओवरीतली सगळ्यांत थोरली, जिला गाव आक्का म्हणायचं, ती हसली नाही. तिनं सुई कापडात खोचली.

"चूक आपली आहे," ती म्हणाली. "हे लुगडं कुणाचं ते आपल्याला दिसत होतं. विचारायला पाहिजे होतं. न दिलेलं कापड आपल्या गोधडीत राहता कामा नये."

आणि बघा, बाळांनो, त्या बाया कशा होत्या. एकीनंही सबब सांगितली नाही. जी गोधडी त्या शिवत होत्या ती त्यांनी तिथंच पुरी करायला घेतली, म्हणजे लुगड्याची गोधडी परत आणताना डोंगरावरच्या माणसाला उघड्या अंगानं राहावं लागू नये. सुनेनं सगळ्यांत भराभर टाके घातले. तीच मघाशी बोलली होती, म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी उजाडताच आक्का ती गोधडी डोक्यावर घेऊन तांबटाबरोबर निघाली. तिची पाठ वाकली होती आणि चढ उभा होता. तांबटानं गोधडी मागितली, तर म्हणाली, चूक आमची, ओझं आमचं.

डोंगरावर कोळशेवाल्यांनी फांद्यांचे आडोसे उभे केले होते. एका आडोशात एक म्हातारा निजला होता आणि म्हातारी त्याच्या उशाशी बसली होती. दोघांच्या अंगावर मिळून एकच गोधडी होती. वर लाल काठाचा हिरवा पट्टा. तांबटानं लांबूनच ओळखलं.

आक्कानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

म्हातारीनं ऐकून घेतलं आणि गोधडी म्हाताऱ्याच्या अंगावरून हळूच काढली. "तुमचं आहे तर न्या, दादा. पण खरं सांगते, एवढी वर्षं आम्ही थंडीत पांघरुणावरून भांडलो. हा सगळं आपल्याकडे ओढतो. ही आली तेव्हापासून ओढाओढ नाही. कुणी शिवली ते ठाऊक नाही, पण मापात शिवलीय."

म्हातारा डोळे न उघडता म्हणाला, "मी नाही, तीच ओढते."

आक्कानं नवी गोधडी त्याच्या अंगावर घातली, आणि जुनी उन्हात पसरून कात्री काढली. पण टाके बारीक होते, तिची नजर मंद. तांबट म्हणाला, मी उसवतो. त्याच्या हाताला हातोड्याची सवय. एकेक टाका तोडायला लागला तेव्हा त्याला कळलं की हे काम किती हातांनी, किती दमानं केलेलं आहे.

कोपरा मोकळा झाला. आतून भाकरीचा वाळका तुकडा पडला. हिरवं लुगडं वर उचललं तर त्याच्याखाली जुन्या, विरलेल्या गोधडीचा एक थर लागला. गेल्या पावसाळ्यात नावाड्यानं परत आणून दिलेली ती गोधडी होती.

तांबटाचा हात थांबला.

त्या जुन्या थरावरचे टाके उलट अंगाला झुकले होते. आणि ते ज्या कापडावर होते ते एके काळी पांढरं असावं. त्याच्या एका टोकाला पिवळा डाग होता. हळदीचा.

तो गोधडीवर वाकला. मग डागावर बोट ठेवून त्यानं आक्काला विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का?

"नाही," आक्का म्हणाली. "आम्ही विचारत नाही. पण मोठा पूर आला होता ते साल मला आठवतं. कापड कमी पडलं. ती उठून घरी गेली आणि पदराखाली काहीतरी घेऊन आली. उलटं अंथरलं, आणि कुणी बघायच्या आत टाके घालायला लागली. एवढंच म्हणाली, हे ज्यानं घातलं होतं तो माणूस चांगला आहे, ज्याच्या अंगावर जाईल त्याला ऊब येईल."

वारा सुटला होता. खाली हळदीचं उपरणं, वर हिरवं लुगडं. पेटीत ती दोन्ही एकमेकांवर असायची तशीच इथंही होती. फक्त आता त्यांच्याखाली एक म्हातारा आणि एक म्हातारी निजत होती.

आक्का कात्रीसाठी हात करून पुढे झाली. "आणा. उरलेली बाजू मी उसवते."

तांबटानं कात्री दिली नाही. त्यानं सुई मागितली.

त्यानं वाटेत खायला आणलेली भाकरी सोडली, मोठा तुकडा मोडून कोपऱ्यात ठेवला आणि कोपरा पुन्हा शिवायला घेतला. बोटाला सुई टोचली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. टाके असे पडले की कुठं बोटभर, कुठं तीळभर. म्हातारी बघून म्हणाली, हा कोपरा ओळखू येईल हो. आक्कानं ते टाके सरळ करायला घेतले नाहीत. गोधडी म्हाताऱ्याच्या अंगावर गेली, आणि नवी शेजारच्या आडोशाला गेली.

गावात परत आल्यावर तांबट घरात गेला, आपले सगळे मळके कपडे गोळा केले आणि गाठोडं घेऊन परटाच्या दारात उभा राहिला.

परीट बाहेर आला. गाठोड्याकडे बघितलं, तांबटाकडे बघितलं.

"उपरणं सापडलं," तांबट म्हणाला. "गोधडीच्या पोटात होतं. तिनंच दिलं होतं. तुझ्यावर आळ घेतला तो मी. चार माणसांत घेतला, उद्या चार माणसांतच परत घेतो."

परटानं गाठोड्याला हात लावला नाही. असं बोलणं लगेच विरघळत नाही. मग त्यानं विचारलं, "तो हळदीचा डाग अजून आहे?"

"आहे."

"घासून घासून माझे हात गेले होते त्यापायी. शेवटी वहिनीच म्हणाल्या, राहू दे, तो जायचा नाही." त्यानं गाठोडं उचललं आणि वास घेऊन तोंड वाकडं केलं. "हे कसल्या पाण्यात धूत होता, दादा? कल्हईच्या?"

दुसऱ्या दिवशी तांबटानं पारावर सगळ्यांदेखत आपला शब्द मागं घेतला. आणि मग भट्टी पेटवली. स्वतःचं टोचलेलं बोट त्याला आठवत होतं. त्यानं तांब्याचे पातळ तुकडे ठोकून बोटात घालायच्या छोट्या टोप्या केल्या आणि ओवरीतल्या प्रत्येक बाईला एकेक दिली. तिखट सूनही ती टोपी घालून मिरवायची आणि म्हणायची, भाऊजींना वाचा नाही, पण हात आहेत. त्या थंडीत ओवरीतून जेवढ्या गोधड्या बाहेर पडल्या तेवढ्या आधी कधी पडल्या नव्हत्या. डोंगरावर कुणी उघडं निजलं नाही.

राहता राहिली ती रिकामी पेटी. पुन्हा कोरडं ऊन पडलं तेव्हा तांबटानं ती ओढत बाहेर काढली. ओवरीत सुया, दोरे, टोप्या ठेवायला बायांना जागा नव्हती, त्यांना ती द्यायची होती. पेटी जड, कड्या दोन्ही बाजूंना. एकट्याला उचलेना. भिंतीपलीकडून परीट आला आणि न बोलावता त्यानं दुसरी कडी धरली.

मेंदीच्या कुंपणाशी दम खायला दोघं थांबले. तांबट म्हणाला, इतकी वर्षं हिला कुलूप लावून बसलो, आणि त्यातलं उपरणं तर तिनं आधीच बाहेर देऊन टाकलं होतं.

परटानं कडीवरचा हात बदलला आणि म्हणाला, "माया पेटीत घडी घालून ठेवायची नसते, दादा, ती कुणाच्या तरी अंगावर घालायची असते."