राजाच्या गालावरची रेघ

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. वार मंगळवार, सूर्य उगवून बरोबर तीन घटका झाल्या होत्या. तेव्हा एका राज्याच्या टांकसाळीत नाण्याचा ठसा तडकला.

तडा केसाएवढा. पण ठशावर राजाचा चेहरा कोरलेला होता. त्यामुळे त्या घटकेपासून पडणाऱ्या प्रत्येक रुपयावर राजाच्या गालावर एक बारीक रेघ उठू लागली.

कारागीर म्हणाला, "कारभारी, ठसा बदलायला हवा."

"आणि राजाला काय सांगू? तुमचा चेहरा फुटला म्हणून? ठोक गपचूप!"

त्या गावात टोपल्या विणणारी एक बाई होती. टांकसाळीला कोळशाच्या टोपल्या तीच पुरवायची. वर्षभराच्या टोपल्यांचा तिला एक रुपया मिळाला, नवा कोरा. त्याच आठवड्यात तिची तान्ही मुलगी तापाने फणफणली. बाई तिला घेऊन वैद्याकडे धावली.

वैद्याने रुपयावरची रेघ पाहिली आणि हात आखडला. "आधी पारख्याकडून तपासून आण, बाई. खोटं नाणं घेतलं तर माझीच मान अडकेल."

पारखी चावडीवर बसायचा. नाण्यांचा मोठा जाणकार. त्याने रुपया दगडावर आपटला. खणखणीत वाजला. तोलला. गुंजभरही कमी नाही. मग रेघेवरून नख फिरवलं.

मुलांनो, मोठ्यांनो, नीट ऐका. खोटं नाणं साच्यात ओततात. त्यावर बारीक भोकं पडतात, आवाज बद्द येतो. इथे तसं काहीच नव्हतं. रेघ वर उठलेली होती, म्हणजे ठशाच्या तड्यात चांदी शिरलेली; ठसाच तडकलेला. पारख्याला हे डोळे मिटूनही कळलं असतं.

पण समोर टांकसाळीचा कारभारी सुपारी कातरत बसला होता. तो हसून म्हणाला, "काय हो, टांकसाळ चुकली असं म्हणताय की काय?"

पारख्याने रेघेवरचं नख काढून घेतलं.

"काका, पोरीच्या अंगाला हात लावून बघा हो," बाई म्हणाली. "टांकसाळीतूनच मिळालाय मला. ह्या कारभाऱ्यांच्याच हातनं."

"माझ्या? मी तर हिचं तोंडही कधी पाहिलं नाही!"

पारखी खाली मान घालून म्हणाला, "नाणं खोटं आहे."

त्या राज्यात रीत अशी, की खोटं नाणं छिन्नीने तोडायचं आणि आणणाऱ्याला वेशीबाहेर काढायचं. रुपयाचे दोन तुकडे झाले. बाई मुलीला घेऊन वेशीबाहेर गेली. दुसरा वैद्य दोन दिवसांच्या वाटेवर होता. मुलगी दीड दिवस जगली.

इकडे तडा वाढत गेला. रेघ गालावरून कपाळावर चढली. आणि एक दिवस घाव घालताच ठसा दुभंगला. राजाने खजिना उघडून पाहिला, तर दर दुसऱ्या रुपयावर तीच रेघ.

"हे सगळे खोटे?" राजाने पारख्याला विचारलं.

"नाही महाराज. सगळे खरे. चूक टांकसाळीची."

कारभाऱ्याला बेड्या पडल्या. बाईला शोधून आणलं. राजाने तिच्यापुढे रुपयांची थैली ठेवली. तिने थैलीकडे पाहिलंच नाही. ती पारख्याकडे वळली.

"काका, तेव्हा तुम्हाला कळलं नव्हतं का हो?"

"कळलं होतं," पारखी पुटपुटला.

"बरं झालं विचारलं. मला आपलं रोज वाटायचं, मीच नीट विनवणी केली नाही."

एवढं बोलून ती रिकाम्या हाताने निघून गेली.

राजाने पारख्याला शिक्षा केली नाही. पण त्या दिवसापासून एकही माणूस त्याच्याकडे नाणं घेऊन गेला नाही. तो चावडीवर नुसता बसून राहायचा.

तात्पर्य: चूक करणाऱ्यापेक्षा, खरं ठाऊक असून भीतीने खोटं सांगणारा मोठा अपराधी असतो.

ही गोष्ट घरात सांगा, शेजारीपाजारी सांगा. आणि ज्यांच्या एका शब्दावर दुसऱ्याचं लेकरू जगतं, त्यांना तर आठवणीने सांगा.