लाखेने बुजवलेली खिडकी

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचे नाव आता कुणालाच सांगता येत नाही, आणि नाही आले तरी आपले काही अडत नाही. कारण ही गोष्ट राजाची नाहीच. ती एका कासाराची आणि त्याच्या खिडकीची आहे.

नदीकाठच्या एका गावात तो कासार राहत असे. घर पणजोबांच्या वेळचे. त्याला वेगळे दुकान नव्हते. रस्त्याकडे एक मोठी खिडकी होती. आत कासार बसे, बाहेर ओट्यावर बायका बसत. चौकटीच्या खालच्या रुंद फळीवर हात टेकायचा आणि बांगड्या भरून घ्यायच्या, अशी तिथली रीत होती. गावातली एकही नवरी त्या फळीवर हात टेकल्यावाचून बोहल्यावर चढली नव्हती.

एका पावसाळ्यात त्या फळीचा कोपरा मऊ पडला. बोटाने दाबले तर बोट आत जाऊ लागले. तुम्ही म्हणाल, सुताराला बोलवावे. पण कासाराच्या हाताशी लाख होती ना! लाखेच्या बांगड्या घडवण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने निखाऱ्यावर लाख मऊ केली, खड्ड्यात ठासली, तांबडा रंग मिसळून वरून घोटली. फळी अशी चकाकली की बायका म्हणाल्या, "कासारदादा, खिडकी नवी केलीत वाटतं!" कासार नुसता हसला. खोटे बोलला नाही, पण खरेही बोलला नाही.

पुढच्या वर्षी शेजारची जागा मऊ पडली. मग चौकटीच्या कडेची नक्षीची पट्टी. दर वर्षी पाऊस सरला की कासार लाख तापवायला बसे. असे बारा वर्षे चालले. खिडकी दर वर्षी जास्त देखणी होत गेली आणि कासाराच्या मनातली धास्ती वाढत गेली. आता लाख उकरून आत बघायचीही त्याला हिंमत होईना. सुतार रस्त्याने येताना दिसला की तो घाईघाईने फळीवर गोधडी टाकी आणि म्हणे, "उन्हाला घातलीय." खिडकीवर दिवसभर सावली असे. पण घाबरलेल्या माणसाला धड सबब तरी कुठे सुचते?

कासाराला एकुलती एक मुलगी होती. ती दोन गावे पलीकडे दिलेली होती आणि तिला सातवा महिना लागला होता. पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे. कासारिणीने डिंक निवडून ठेवला, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. लेकीला आणायचा दिवस ठरवायला विहीणबाई स्वतः आल्या.

विहीणबाईंना बांगड्या भरल्याशिवाय कसे पाठवायचे? त्या ओट्यावर बसल्या, फळीवर कोपर टेकले. चार बांगड्या सुरेख चढल्या. पाचवी जरा घट्ट होती. कासाराने हात किंचित दाबला, तोच कडकन आवाज झाला आणि विहीणबाईंचे कोपर फळीच्या आत गेले. वर लाखेचे पापडाएवढे पातळ कवच, आणि खाली नुसता भिजलेला भुसा.

लागले काहीच नाही. पण विहीणबाई उठल्या, पदराने हात पुसला आणि म्हणाल्या, "मी पुढे भावाकडे जातेय. आठ दिवसांनी याच वाटेनं परतेन. पण आज विचाराल तर व्याही, माझी सून या घरात बाळंतपणाला यायची नाही."

त्या गेल्या आणि कासारीण दुपटी उराशी धरून रडली. कासार म्हणाला, "घरच गेलंय गं. फळीची ही दशा, तर भिंतीतल्या तुळईचं काय झालं असेल? आता घर पाडावंच लागणार. पोरगी कुठली येतेय?"

कासारिणीने डोळे पुसले, पायात वहाणा सरकवल्या आणि गेली ती सुतारालाच घेऊन आली.

सुतार म्हातारा होता आणि जिभेचा तिखट होता. त्याने ते भोक पाहिले, चकाकणारी चौकट पाहिली आणि मान डोलावली. "वा! इतकी लाख चढवलीस, कासारा. ही चौकट कुणाच्या मनगटात भरायची होती?"

कासार बाजूला सरकला.

सुताराने पटाशीने लाख खरवडायला घेतली. बारा वर्षांचे थर खपल्यांसारखे खाली पडले. मग एक टोकदार सळई घेऊन तो लाकूड बोटाबोटावर टोचून पाहू लागला. कासार भिंतीकडे तोंड करून बसला. म्हणाला, "सुतारबाबा, मला मधेमधे काही सांगू नका. काय ते शेवटी एकदाच सांगा."

सळई आधी भसकन आत गेली. पुन्हा भसकन. मग एका जागी सळई थांबली आणि टक् असा आवाज आला. पुढे पुन्हा टक्. उजव्या बाजूला टक्, वर टक्. सुतार घरात आला, तुळईपाशी चढला. तिथेही टक्, टक्, टक्.

"वळ आता इकडे," सुतार म्हणाला. "फळी दीड हात गेलीय. डावीकडची पट्टी खालून वीतभर. एवढंच."

"आणि तुळई?"

"तुळई तुझ्या नातवंडांना म्हातारं करून उभी राहील."

कासाराला एकदम हसू आले आणि त्याच हसण्यात रडूही आले. बारा वर्षे त्याने मनात अख्खे घर पाडले होते, आणि कुजले होते ते दीड हात लाकूड! किती हलके वाटले म्हणून सांगू त्याला! त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.

"पण कुजलं कशानं?" त्याने विचारले.

सुताराने वर बोट दाखवले. "ते एक कौल घसरलंय. त्याचं पाणी नेमकं इथं ठिबकतं. तेवढं पाणी वाऱ्यानं सुकलंही असतं. तू वरून लाख बसवलीस. आत शिरलेल्या पाण्यानं बाहेर यायचं कुठून?"

सुताराने पहिल्यांदा कौल बसवले. मग कुजका भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कापून काढला आणि तिथे मुरलेल्या सागाचा तुकडा तिरका सांधा करून बसवला. फळीला बाहेरच्या बाजूला थोडा उतार दिला, म्हणजे पाणी साचायचे नाही. पट्टीची नक्षी मात्र त्याने साधीच कोरली. "जुन्यासारखी जमणार नाही, उगाच नाटक कशाला?" असे म्हणून जवसाचे तेल चोळून तो निघून गेला.

आठव्या दिवशी सकाळी कासाराने खिडकी पाहिली. जुने लाकूड काळपट, नवे पिवळसर. ठिगळ लांबून दिसत होते. बारा वर्षांची सवय ती, जाते थोडीच! त्याने निखारे फुलवले आणि लाखेची कांडी हातात घेतली.

"अहो," कासारीण दारातून म्हणाली, "पुन्हा?"

कासाराने कांडी खाली ठेवली. निखाऱ्यांवर पाणी ओतले.

दुपारी विहीणबाई आल्या. ठिगळावर हात फिरवून म्हणाल्या, "हे काय, व्याही?"

कासाराने सगळे सांगितले. बारा वर्षांची लाख, ती गोधडी, घसरलेले कौल, काहीच झाकून ठेवले नाही. सांगताना त्याचे कान लाल झाले होते.

विहीणबाई म्हणाल्या, "त्या दिवशी मी कुजक्या लाकडाला घाबरले नव्हते. लाकूड आमच्याकडेही कुजतं. ते वरून चकचकीत होतं, त्याची मला भीती वाटली. म्हटलं, ही माणसं फळी झाकतात, उद्या माझ्या सुनेचं दुखणंखुपणंही झाकतील. मग मला कळायचं कधी?" त्यांनी ठिगळावर पुन्हा हात टेकला. "पाठवते हो तिला. येत्या सोमवारीच पाठवते."

कासारिणीने तिथल्या तिथे त्यांचे पाय धरले आणि विहीणबाईंनी तिला उठवून जवळ घेतले.

सोमवारी लेक आली. दोन महिन्यांनी सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. पण पाचव्या दिवशी तिच्या अंगात ताप भरला. पूर्वीचा कासार असता तर म्हणाला असता, विहीणबाईंना उगाच कशाला कळवायचे, उतरेल उद्या. या कासाराने तासाभरात घोडेस्वार धाडला. दिवस मावळायच्या आत विहीणबाई त्यांच्या गावच्या वैद्यांना घेऊन हजर झाल्या. औषध वेळेवर पोटात गेले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि लेक उठून बसली, बाळाला मांडीवर घेऊन पेज मागू लागली. वैद्य म्हणाले, "आणखी एक दिवस गेला असता, तर मला काही करता आलं नसतं."

म्हणून, लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढे ध्यानात ठेवा: बिघडलेले झाकून ठेवले तर ते आतल्या आत वाढते, आणि वेळेवर उघडे केले तर उरलेले सगळे वाचते.